पदवीप्रदानाचे भाषण आणि विजयदुर्गाचे ओटे

सागरवेळा :

नमस्कार. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका लहान महाविद्यालयात मी गेली सोळा वर्षे भौतिकशास्त्र शिकवते. पुढच्या महिन्यात आमच्याकडे पदवीप्रदान समारंभ आहे. दर वर्षी भाषणासाठी बाहेरचे पाहुणे येतात, पण या वेळी प्राचार्यांनी ते काम माझ्यावर सोपवले आहे आणि ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ हा विषयही नेमून दिला आहे. पंधरा दिवस झाले, रोज रात्री कागद पुढे ओढून बसते आणि दोन वाक्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. त्याचे कारण मागच्या वर्षीचा समारंभ आहे, म्हणून तो आधी सांगते.

मागच्या वर्षीचे पाहुणे मनापासून आणि चांगले बोलत होते. बोलण्याच्या ओघात त्यांनी सांगितले, की १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले, हेलियमचा शोध तिथेच लागला आणि म्हणून विज्ञान तुमच्या मातीतच आहे. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मीही टाळ्या वाजवल्या, कारण हीच गोष्ट मी कित्येक वर्षे वर्गात सांगत आले होते. समारंभानंतर गाऊन परत करण्याच्या रांगेत किल्ल्याजवळच्या गावातली एक विद्यार्थिनी माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “मॅडम, ऑगस्टमध्ये त्यांना ग्रहण दिसलं कसं? आमच्याकडे तेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही.” त्या दिवशी ढग फाटले असतील, असे काहीतरी उत्तर मी दिले. ती “हो” म्हणाली, पण तिचा चेहरा पटल्यासारखा नव्हता. घरी येईपर्यंत मलाही माझे उत्तर पटेनासे झाले होते.

मग मी शोध घेतला. १८६८ च्या ग्रहणाची खग्रास पट्टी दख्खन ओलांडून जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणम अशी गेली होती, हे खरे आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ पिअर जान्सेन त्या दिवशी गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगपट्टातल्या, रेषा त्यांना इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असे त्यांच्या मनात आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते करून पाहिले. लॉकयर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ग्रहणावाचून ज्वाला पाहण्याची युक्ती त्यांना स्वतंत्रपणे सुचली होती, उपकरण हाती यायला उशीर झाला आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी लंडनमधून त्या पाहिल्या. दोघांचेही वृत्त पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरला, एकाच दिवशी पोहोचले. त्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या दोन प्रसिद्ध रेषांच्या अगदी शेजारी होती, पण त्यांच्यावर बसत नव्हती. लॉकयरांनी रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्यासह पुष्कळ खटाटोप केला आणि पृथ्वीवरच्या ज्ञात मूलद्रव्यांपैकी एकाचीही ही रेषा नाही, असा निष्कर्ष काढला. सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव आले. अनेकांनी ते मानलेच नाही. १८९५ साली विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा कुठे हेलियम पृथ्वीवर हाती आला. म्हणजे मधली सत्तावीस वर्षे ते मूलद्रव्य केवळ एका पिवळ्या रेषेच्या आधारावर उभे होते.

मग विजयदुर्गाचा संबंध काय? संबंध आहे, आणि पक्का आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी आणखी एक खग्रास ग्रहण भारतावरून गेले. त्या वेळी लॉकयर स्वतः विजयदुर्गला आले, तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. ‘मेल्पोमीनी’ या नौदलाच्या जहाजावरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना त्यांनी हाताशी घेऊन निरीक्षणाचे काम शिकवले होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी जेऊरला तळ ठोकला होता. म्हणजे आपण सांगतो त्या गोष्टीत माणूस खरा आहे आणि किल्लाही खरा आहे, पण मधली तीस वर्षे गाळली गेली आहेत आणि लंडनमध्ये लागलेला शोध विजयदुर्गला आणून बसवला आहे.

माझा प्रश्न असा आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगा, असे सांगणाऱ्या भाषणातच न तपासलेली गोष्ट सांगितली गेली, मी शिक्षिका असून टाळ्या वाजवल्या आणि पदवी घेऊन निघालेल्या मुलीने मात्र ढगांचा साधा प्रश्न विचारला. अशा वेळी त्या भाषणाने नेमके कोणाला काय दिले? समारंभातल्या भाषणाचा खरोखर काही उपयोग असतो का, आणि असलाच तर ते कसे असावे? मला सल्ला हवा आहे, धीर दिला नाही तरी चालेल.

कलमबाग :

ताई, मी कृषी पदवीधर आहे. माझ्या पदवीप्रदानाच्या भाषणातले मला एक वाक्यही आठवत नाही. आठवतो तो फक्त उकाडा. त्यामुळे भाषणाने दृष्टिकोन येतो यावर माझा विश्वास नाही. तो मला कसा आला, एवढेच सांगतो.

माझी देवगड तालुक्यात कातळावर हापूसची बाग आहे. हापूसचे दुखणे म्हणजे साका. वरून आंबा सोन्यासारखा दिसतो आणि कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर निघतो. आमच्या बागेत साका वाढला तेव्हा मी त्याचा ठपका एका नव्या खतावर ठेवला आणि दोन वर्षे भेटेल त्याला तेच सांगत सुटलो. आंबा झाडावर तयार होत असताना तापलेल्या जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेने साका वाढतो आणि झाडाखाली गवताचे आच्छादन केले तर तो कमी होतो, असे संशोधन झालेले आहे, हे मला माझ्या एका जुन्या वर्गमित्राने सांगितले. मी त्याच्याशी वाद घातला. तो म्हणाला, वाद कशाला घालतोस, तुझ्याकडे झाडे आहेत.

मी सारख्या वयाची बारा कलमे निवडली. सहांखाली आच्छादन करायचे होते. कोणती सहा, हे ठरवताना माझा हात आपोआप चांगल्या झाडांकडे जाऊ लागला. ते लक्षात आल्यावर मी मुलीला चिठ्ठ्या काढायला बसवले. खत मी सगळ्यांना सारखेच घातले. आंबे चौदा आणे तयार झाल्यावर उतरवले, प्रत्येक झाडाचे वीस-वीस आंबे वेगळे पिकवले आणि त्यांच्यावर खडूने फक्त क्रमांक घातले. कापायला पत्नी बसली. कोणता क्रमांक कोणत्या झाडाचा, हे तिला ठाऊक नव्हते आणि वही माझ्या खिशात होती. आच्छादनाच्या झाडांत साका कमी निघाला. कातळाच्या अगदी कडेच्या दोन झाडांत मात्र आच्छादन असूनही तो पूर्वीइतकाच निघाला. त्याचे कारण अजून मला सापडलेले नाही आणि खताविषयी मी जे बोलत फिरलो होतो त्याला एवढाही आधार मिळाला नाही. मग ज्या ज्या माणसांना ते सांगितले होते, त्यांच्यापैकी आठवले तेवढ्यांकडे जाऊन मी ते मागे घेतले. आंबे कापण्यापेक्षा हे काम कठीण गेले.

हे कोणत्या भाषणाने शिकवले असते? मुलांना बागेत न्या, प्रयोगशाळेत न्या. मंडपात बसवून काय होणार?

परळ ते कणकवली :

ताई, विरोधी मत मांडतो, राग नसावा. पदवीप्रदान हा वर्ग नाही, तो घरच्या माणसांचा सोहळा आहे. काजूच्या कारखान्यातली दिवसाची मजुरी बुडवून, सहा आसनी रिक्षात दहा जण बसून आईवडील येतात. घरातली पहिली पदवी असते. त्या दिवशी त्यांच्यासमोर उभे राहून तुम्ही सांगणार की गावाच्या अभिमानाची गोष्ट चुकीची आहे? विजयदुर्गला १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो, मुले येतात, चार दूरदर्शक लागतात, पोरांना आकाशाची गोडी लागते. एका तारखेसाठी हे सगळे मोडायचे का? विज्ञान खरे असेल, पण प्रसंग नावाची काही गोष्ट असते.

सागरवेळा :

दादा, राग नाही. आईवडिलांचे तुम्ही लिहिले ते मला सर्वांत जास्त लागले, कारण मीही अशाच घरातली पहिली पदवीधर आहे. माझी आई त्या दिवशी मागच्या रांगेत बसली होती आणि भाषणातले तिला काहीही कळले नव्हते, तरी ती शेवटपर्यंत मान हलवत होती. तिला वाटत होते की पुढे उभा असलेला माणूस जे सांगतो आहे ते खरेच असणार. म्हणूनच मला वाटते की त्या जागेवरून बोलणाऱ्यावर वर्गातल्यापेक्षा जास्त जबाबदारी असते. वर्गात माझे चुकले तर मुले दुसऱ्या दिवशी विचारू शकतात. समारंभात कोणी हात वर करत नाही.

आणि खरी गोष्ट सांगितल्याने विजयदुर्गाचे काय कमी होते, हे मला कळत नाही. तीस वर्षांपूर्वी ज्याने सूर्यावर नवे मूलद्रव्य ओळखले, ज्याचे म्हणणे तीनच वर्षांपूर्वी पृथ्वीवर खरे ठरले, तो माणूस एकसष्टाव्या वर्षी समुद्रमार्गे आपल्या किल्ल्यावर येतो आणि खलाशांना निरीक्षक म्हणून तयार करतो, यात अभिमानाला पुरेसे आहे. हेलियम दिवस बंद व्हावा असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी दूरदर्शक लावणाऱ्या मंडळींविषयी मला आदरच आहे.

कलमबागदादा, तुमचा वीस-वीस आंब्यांचा प्रयोग मी तुमच्या परवानगीने वर्गात सांगणार आहे. पण भाषण व्यर्थच असते, यावर मी थोडी अडखळते. १९७४ साली भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेच्या पदवीधरांपुढे केलेले भाषण आजही जगभर वाचले जाते, आणि ते मला तुमच्या बागेच्या फार जवळचे वाटते. वैज्ञानिकाने सर्वांत आधी स्वतःला फसवता कामा नये, आणि आपण स्वतः फसायला सर्वांत सोपे असतो, असे त्यांचे म्हणणे होते. पण ते नुसते बजावून थांबले नाहीत, त्यांनी मिलिकन यांच्या तेलाच्या थेंबांचा प्रयोग घेतला. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजताना मिलिकन यांनी हवेच्या श्यानतेचा, म्हणजे चिकटपणाचा, चुकीचा आकडा वापरला होता आणि त्यामुळे त्यांचे उत्तर थोडे कमी आले. पुढच्या संशोधकांची उत्तरे एकदम योग्य आकड्यावर का गेली नाहीत, ती हळूहळू का वर सरकत गेली, असा प्रश्न त्यांनी मुलांपुढे ठेवला. उत्तर मिलिकनपेक्षा फार जास्त आले की लोक आपले काय चुकले ते शोधत बसत आणि जवळपास आले की तितके खोलात जात नसत. तुमचा हात चांगल्या झाडांकडे जात होता आणि तुम्ही चिठ्ठ्या काढल्या, ते हेच नव्हे का?

आरोग्यसेविका :

मी रायगड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. ताईंच्या प्रश्नाचा मला रोजच्या कामात अनुभव येतो, म्हणून लिहिते.

महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांचे काम आमच्या भागात सर्वांना माहीत आहे. सत्तरच्या दशकात ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती आणि त्यावर ठरलेला असा उपचार नव्हता. ते रुग्णाच्या खाटेपाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद तासातासाने करत राहिले. त्या नोंदींवरून दंशानंतर हृदयावर काय परिणाम होतो याचे चित्र उभे राहिले आणि १९८२ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे १९८६ साली प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग त्यांनी त्याच नियतकालिकात मांडला. मोठे रुग्णालय नाही, महागडे यंत्र नाही, अशा जागी हे घडले आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले. तुमच्या मुलांना भाषणात एक माणूस दाखवायचा असेल तर हा कोकणात काम केलेला माणूस दाखवा. दृष्टिकोन म्हणजे काय हे त्या नोंदवहीवरून कळेल.

दुसरी गोष्ट सांगण्याच्या पद्धतीची आहे. अतुल गावंडे हे अमेरिकेतले शल्यचिकित्सक आहेत, त्यांचे वडील आपल्या महाराष्ट्रातले. २०१६ साली त्यांनीही कॅलटेकच्या पदवीधरांपुढे भाषण केले, आणि त्याचा विषयच विज्ञानावरच्या अविश्वासाचा होता. विज्ञान म्हणजे विचार करण्याची एक शिस्त आहे आणि ज्ञान हे तपासून, पाहून उभे करायचे असते, हे त्यांनी मांडले. मला त्यातले दुसरे म्हणणे जास्त उपयोगी पडले. चुकीची समजूत पुन्हा पुन्हा सांगून खोडत बसले तर ती समजूतच ऐकणाऱ्याच्या मनात घट्ट होते, म्हणून खरी गोष्ट आधी, सरळ आणि तिच्या कारणांसह सांगावी, असे ते म्हणाले. विंचू चावल्यावर मांत्रिकाकडे जाऊन मग आमच्याकडे येणाऱ्या घरातल्यांना मी आता “मांत्रिकाकडे का गेलात” असे विचारत नाही. विष अंगात काय करते आणि कोणत्या तासाला काय होऊ शकते, ते सांगते. त्याने पुढच्या वेळी माणसे आधी येतात, हे मी पाहिले आहे.

म्हणून ताई, भाषणाची सुरुवात “आपण चुकीचे सांगत आलो” अशी करू नका. १८९८ च्या जानेवारीतल्या त्या दुपारपासून सुरुवात करा. चूक मागाहून येऊ दे.

पाऊणपट :

आमचे घर खाडीच्या तोंडाशी, तीन पिढ्या मासेमारीची. वर परळच्या दादांनी प्रसंगाचे लिहिले आणि कलमबागकाकांनी बागेचे, मी वडिलांचे लिहितो. आपल्या माणसांना हा दृष्टिकोन बाहेरून आणून द्यावा लागतो, असा सूर भाषणांत नेहमी असतो आणि तो मला खटकतो.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. बंदरागणिक थोडे मागेपुढे धरायचे. वडील शाळेत चौथीपर्यंत गेलेले, पण खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा असल्यामुळे हा हिशोब चुकला तर होडी बाहेर ताटकळते, हे त्यांना पक्के माहीत होते. ते मला सांगत, की पंधरवड्याच्या शेवटी शेवटी हिशोब लवकर येतो आणि पाणी उशिरा चढते, तेव्हा थोडी वाट पाहावी. हे मी बारावीपर्यंत नुसते ऐकले. मग एकदा वहीत मांडून पाहिले. एका तिथीत चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे जातो आणि पृथ्वीला बारा अंश फिरायला अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. प्रत्येक तिथीला तीन मिनिटे मागे राहिली तर चतुर्दशीपर्यंत बेचाळीस मिनिटे होतात. पाऊणपटीने साडेदहा येतात आणि चंद्राच्या हिशोबाने अकरा वाजून बारा मिनिटे. समुद्र याहूनही मागेपुढे करतो, त्याला किनाऱ्याचा आकार आणि इतर कारणे आहेत. पण वडिलांची ‘थोडी वाट पाहा’ ही दुरुस्ती योग्य दिशेची होती आणि ती त्यांनी पाण्याकडे पाहूनच केली होती. ती आकडेमोड मी त्यांना दाखवली, तेव्हा त्यांनी वही जवळ घेतली आणि हे तीन मिनिटांचे पुन्हा एकदा सांग म्हणाले.

तुमच्या विद्यार्थिनीचा ढगांचा प्रश्न मला याच जातीचा वाटतो. तिने पुस्तकातले ज्ञान वापरले नाही, स्वतःच्या अंगणातले वापरले. भाषणात त्या प्रश्नाला जागा द्या. नाव घेऊ नका, पण प्रश्न तसाच्या तसा सांगा.

जुने कागद :

मी अभिलेखांत रमणारा माणूस आहे, विज्ञानाचा पदवीधर नाही. तरी दोन गोष्टी सुचवतो.

तारखेच्या आणि भाषणाच्या मूल्याविषयी प्रथम. मुंबई विद्यापीठाची पहिली बी. ए. पदवी १८६२ साली ज्या मोजक्या तरुणांना मिळाली त्यांत मालवणला जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. जुन्या शिलालेखांतल्या आणि पोथ्यांतल्या तारखा ताडून पाहण्यात त्यांचे आयुष्य गेले. तारखेला किंमत काय, असे वर विचारले गेले आहे, म्हणून मालवणच्या या माणसाची आठवण झाली. आणि गावंडे यांच्या ज्या भाषणाचा उल्लेख आला आहे, त्यात त्यांनी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी त्याच संस्थेत १९३८ साली पदवीधरांपुढे केलेल्या भाषणाची आठवण काढली होती. निरोगी संशय, निर्णय राखून ठेवण्याची तयारी आणि शिस्तीतली कल्पनाशक्ती, या गोष्टी हबल यांनी सांगितल्या होत्या. एक भाषण अठ्ठ्याहत्तर वर्षांनी दुसऱ्या भाषणात कामी येते, तेव्हा ‘मंडपात बसवून काय होणार’ याचे उत्तर इतके सरळ नाही, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट अलिबागची. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून नानाभाई मूस यांच्या पुढाकाराने नवी वेधशाळा अलिबागला उभारली गेली. इमारतीत लोखंड वापरले नाही, दगडही मुद्दाम निवडून पोरबंदरहून आणला. मला सर्वांत भावते ते पुढचे. अलिबाग १९०४ साली सुरू झाले म्हणून कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले, दोन्हींतला फरक नीट समजून घेतला आणि मगच जुन्या नोंदींची साखळी नव्या जागेला जोडली. जागा बदलताना हिशोब तुटू नये म्हणून दोन वर्षांचे दुप्पट काम करणारी ही माणसे होती. विजयदुर्गाच्या गोष्टीत आपण जागा आणि साल दोन्ही बदलले आणि जोडकाम केलेच नाही.

यातून एक सुचवावेसे वाटते. १८६८ साली लॉकयर इथे नव्हते हे ठरले, पण ओटे कोणत्या ग्रहणाचे हे अजून आपण कोणीच दाखवलेले नाही. ‘ते १८९८ चेच’ असे भाषणात ठोकून दिलेत तर मागच्या पाहुण्यांनी केले तेच तुम्ही कराल.

सागरवेळा :

जुने कागद सर, तुम्ही मला अगदी वेळेवर अडवले. माझ्या मसुद्यात ते वाक्य जसेच्या तसे लिहिलेले होते. आज ते मी खोडले आहे.

आरोग्यसेविकाताईंचे ऐकून मसुद्याची सुरुवात बदलली आहे. आता भाषण १८९८ च्या जानेवारीतल्या निरभ्र आकाशाखाली सुरू होते. मग पिवळी रेषा, मग सत्तावीस वर्षे, मग माझ्या टाळ्या आणि त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. बावस्करांची नोंदवही आणि पाऊणपटची तीन मिनिटे मध्ये येतात. ओट्यांपाशी मात्र मी थांबले आहे, आणि तिथे मला तुमची मदत लागेल.

१८६८ चे ग्रहण आपल्याकडे सकाळचे होते, म्हणजे सूर्य पूर्वेकडे होता. १८९८ चे भर दुपारचे, जानेवारीतले, म्हणजे सूर्य दक्षिणेकडे. ओट्यांवरून पूर्वेचे आकाश तटाने किंवा उंचवट्याने झाकले जात असेल तर सकाळच्या ग्रहणासाठी ती जागा कोणी निवडली नसती. दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर यातून काहीच सिद्ध होणार नाही. ओट्यांची कड उत्तर-दक्षिण निघाली तर तेवढ्यानेही साल ठरत नाही, कारण दूरदर्शकाची बैठक कोणत्याही ग्रहणासाठी तशीच बांधतात. हे मी मोजण्याच्या आधी इथे लिहून ठेवते आहे, म्हणजे मागाहून मला सोयीचा अर्थ काढता येणार नाही. तटाची आजची उंची तेव्हाही तेवढीच होती का, हेही पाहावे लागेल.

ती विद्यार्थिनी आता देवगडला नोकरी करते. तिला विचारले, रविवारी ती येते म्हणाली.

कलमबाग :

रविवारी मीही येतो, बाग तिथून लांब नाही. मोजायला पन्नास मीटरची फीत आहे. होकायंत्रही आहे माझ्याकडे, आणतो.

पाऊणपट :

काका, होकायंत्रावर विसंबू नका. किल्ल्यावर लोखंडी तोफा आहेत आणि पायाखालचा दगडही लोहयुक्त आहे. अलिबागची गोष्ट वर आलीच आहे. सपाट जागी काठी उभी करून तिच्या बुंध्याभोवती वर्तुळ काढू. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे टेकेल तिथे एक खूण आणि दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. त्यासाठी नऊच्या आधी पोहोचावे लागेल आणि तीनपर्यंत थांबावे लागेल. काठी आणि ओळंबा मी आणतो.

परळ ते कणकवली :

शनिवारी रात्रीच्या गाडीने मी गावी येतोच आहे. ताई, माझे प्रसंगाविषयीचे मत अजून बदललेले नाही, पण मसुदा वाचायला मिळाला तर आवडेल. रविवारी सहा जणांचा डबा आमच्या घरून येईल. आईला सांगून ठेवतो.

सागरवेळा :

दादा, मसुदा छापून आणते. त्यात जिथे प्रसंगाला सोडून झाले आहे असे वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करा. नऊच्या आधी किल्ल्याच्या दरवाजापाशी भेटू.